आयपी पत्त्याचा कब्जेदार कोण?

ज्या कार्यालयात पाच-पंचवीस संगणक, दोन-तीन प्रिंटर, भिंतींवरचे कॅमेरे, दाराजवळचे हजेरीयंत्र आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खिशांतले मोबाइल असे सगळे एकाच राउटरवर चालत असते, तेथे केव्हा ना केव्हा असा प्रसंग येतोच, की एखादा आयपी पत्ता तेवढा हाती लागलेला असतो आणि तो पत्ता बाळगणारे यंत्र कोणते, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. कधी प्रिंटर सकाळी बिनतक्रार छापतो आणि दुपारी गप्प होतो. कधी राउटरच्या पानावर एकच पत्ता सगळे इंटरनेट ओढताना दिसतो. कधी विंडोजच्या पडद्यावर पत्त्यांची टक्कर झाल्याचा इशारा उमटतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचा शिरस्ता आहे. त्याने तक्रार तात्पुरती मिटते, पण कारण जागच्या जागी राहते, आणि पुढच्या आठवड्यात तीच तक्रार नव्याने दाखल होते. वास्तविक पत्त्यावरून यंत्रापर्यंत पोचणे हा एक सरळ, पायरीपायरीने करण्याचा तपास आहे. त्याला महागडी साधने लागत नाहीत, केवळ क्रम आणि चिकाटी लागते. शाळा, पतसंस्था, ग्रंथालय, दवाखाना किंवा छापखाना अशा लहान संस्थांत नेटवर्क सांभाळण्याचे काम ज्यांच्याकडे अधिकृतपणे अथवा केवळ ‘तुम्हाला यातले कळते’ एवढ्या आधारावर सोपवले गेले आहे, त्यांच्यासाठी हे विवेचन आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे, की आयपी पत्ता हा यंत्राच्या अंगावर कोरलेला क्रमांक नव्हे. १९८१ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या ज्या मानकाने आजचा प्रचलित आयपी पत्ता ठरवून दिला, त्यात तो ३२ बिटांचा, म्हणजे शून्य ते २५५ पर्यंतच्या चार आकड्यांचा आहे, आणि तो यंत्राला जाळ्यातील त्याच्या जागेपुरता मिळतो. सातबाऱ्यावर गट क्रमांक तोच राहतो आणि कब्जेदाराच्या रकान्यातले नाव मात्र काळानुसार बदलत जाते, तसेच येथे होते: १९२.१६८.१.५० हा पत्ता काल लेखनिकाच्या संगणकाकडे असेल, आज एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलकडे असेल, आणि ही अदलाबदल राउटरमधील डीएचसीपी नावाची व्यवस्था ठरावीक मुदतीच्या बोलीवर करत असते. म्हणून ‘हा पत्ता कोणाचा?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘अमुक तारखेला अमुक वाजता हा पत्ता कोणाकडे होता?’ असाच तो विचारला पाहिजे. तपासाला बसताना पहिली नोंद वेळेची करावी, आणि ज्या नोंदीवरून हा पत्ता हाती आला त्या नोंदीचे घड्याळ बरोबर होते की नाही, याची खातरजमा त्याच वेळी करून घ्यावी. कित्येक राउटरांची घड्याळे वीज गेल्यावर मागल्या एखाद्या तारखेवर जाऊन बसतात, आणि मग त्यांच्या नोंदींवर विसंबून काढलेला निष्कर्ष भलत्याच यंत्रावर जाऊन आदळतो.

पत्ता आपल्या जाळ्यातला आहे की बाहेरचा, हेही आरंभीच पाहावे. १९९६ च्या फेब्रुवारीत झालेल्या ठरावानुसार १० ने सुरू होणारे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत; ते जगात लक्षावधी ठिकाणी एकाच वेळी नांदतात आणि त्यांचा शोध त्या त्या इमारतीतच घ्यावा लागतो. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्या यंत्राला डीएचसीपीकडून पत्ता मिळालाच नाही आणि त्याने स्वतःचा स्वतः घेतला, असे समजावे. तेथे दोष बहुधा केबलचा किंवा राउटरचा असतो. याउलट इंटरनेट कंपनीने अथवा बाहेरच्या एखाद्या संस्थेने आपल्याकडे पत्ता कळवला असेल, तर तो आपल्या राउटरचा सार्वजनिक पत्ता असतो आणि त्यामागे कार्यालयातील सारीच यंत्रे उभी असतात. तेथे केवळ पत्त्यावरून पुढे जाता येत नाही. नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांक कळवणाऱ्याकडून मागून घ्यावेत, आणि राउटरने तशा नोंदी ठेवल्या असतील तरच आतले यंत्र सापडण्याची आशा धरावी.

आता पत्ता आपल्याच जाळ्यातला आहे असे धरून चालू. सर्वांत सोपा उपाय बहुतेकांना सुचत नाही, म्हणून तो आधी सांगतो: ब्राउझर उघडून वेबपत्त्याच्या जागी तो आयपी पत्ता तसाच टंकावा. प्रिंटर, कॅमेरे, चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट यांपैकी पुष्कळांच्या पोटात स्वतःचे एक छोटे वेबपान असते, आणि ते उघडताच कंपनीचे नाव, पुष्कळदा मॉडेलही, समोर येते. अशा पानावर पासवर्ड मागितला गेला, तर आपल्या ताब्यातील यंत्राखेरीज अन्यत्र अंदाजाने पासवर्ड घालून पाहू नये. ओळख पटली की तेथून परतावे.

ब्राउझरने काही दाखवले नाही, तर राउटरकडे वळावे. राउटरचा पत्ता ठाऊक नसेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा रोमन लिपीत टंकावी. ‘डीफॉल्ट गेटवे’ या शब्दांपुढे जो पत्ता येतो, तो राउटरचा. राउटरच्या पानावर डीएचसीपी क्लायंट लिस्ट किंवा तत्सम नावाची एक यादी असते, तीत प्रत्येक पत्त्यापुढे यंत्राचे नाव, त्याचा मॅक पत्ता आणि मुदत किती उरली, हे लिहिलेले असते. नाव अर्थपूर्ण असेल तर तपास येथेच संपतो. परंतु तसे क्वचितच असते, कारण विंडोज आपण होऊन ‘डेस्कटॉप’ या शब्दापुढे काही अक्षरे आणि आकडे जोडून नाव तयार करते आणि एकाच खोलीत दहा आयफोन नुसत्या ‘आयफोन’ या नावाने वावरत असतात. शिवाय या यादीची एक मोठी उणीव ध्यानात ठेवावी: ज्या यंत्राला कोणी हाताने कायमचा पत्ता बसवून दिला आहे, ते डीएचसीपीकडे कधी काही मागतच नाही, आणि म्हणून ते या यादीत येत नाही. हजेरीयंत्रे, डीव्हीआर आणि जुने प्रिंटर हे नेमके याच वर्गातले. यादीत पत्ता नाही म्हणून यंत्र नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांची फसगत येथे होते.

येथून पुढचा आधार म्हणजे एआरपी. एकाच जाळ्यातील दोन यंत्रांना परस्परांशी बोलायचे असेल, तर आयपी पत्ता पुरत नाही. केबलवरून अथवा वायफायवरून माहिती ज्याच्यापर्यंत पोचवायची, त्याच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता लागतो. म्हणून यंत्र साऱ्या जाळ्याला उद्देशून विचारते, की अमुक आयपी पत्ता ज्याचा असेल त्याने आपला मॅक पत्ता सांगावा, आणि ज्याचा तो असतो ते यंत्र उत्तर देते. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ च्या नोव्हेंबरात ही पद्धत शब्दबद्ध केली, आणि चार दशकांनंतरही आपल्या कार्यालयातील प्रत्येक संगणक याच पद्धतीने दिवसातून असंख्य वेळा हीच चौकशी करत असतो. आपल्याला करायचे ते एवढेच, की ही चौकशी मुद्दाम घडवून आणायची आणि तिचे उत्तर वाचायचे.

त्यासाठी संशयित पत्त्याला आधी पिंग करावे, म्हणजे ‘पिंग’ हा शब्द आणि त्यापुढे तो पत्ता टंकावा. उत्तर आले तर उत्तमच. परंतु उत्तर आले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही, कारण विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तर देऊ देत नाही. यातील खुबी अशी, की पिंग निघण्यापूर्वीच आपल्या संगणकाने एआरपीची चौकशी केलेली असते आणि त्या चौकशीला यंत्राने उत्तर दिलेले असते; ते नाकारले तर त्या यंत्राला जाळ्यात राहताच येणार नाही. म्हणून पिंग फसल्यावर लगेच, वेळ न दवडता, ‘एआरपी -ए’ ही आज्ञा द्यावी, आणि येणाऱ्या यादीत त्या पत्त्यासमोरचा मॅक पत्ता उतरवून घ्यावा. लिनक्सवर यासाठी ‘आयपी नेबर’ ही आज्ञा आहे. मात्र ही युक्ती आपण आणि ते यंत्र एकाच उपजाळ्यात असू तरच चालते. मध्ये राउटर असेल, तर आपल्या यादीत त्या यंत्राची नोंद मिळणार नाही, कारण आपला व्यवहार राउटरच्या मॅक पत्त्याशीच होत असतो. तशा स्थितीत पलीकडच्या जाळ्यातील एखाद्या संगणकावर बसूनच ही चौकशी करावी.

मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो, आणि तो दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्यांत लिहिला जातो. यांतील पहिल्या तीन जोड्या आयईईई ही संस्था उत्पादक कंपन्यांना नेमून देते आणि त्यांची सूची सर्वांना खुली आहे; त्या सूचीत शोध घेतला की कार्ड कोणत्या कंपनीचे, हे कळते. जोड्या ०८-००-२७ अशा असतील, तर ते प्रत्यक्ष यंत्र नसून व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालणारा आभासी संगणक असल्याचा संशय बळकट होतो. ००-५०-५६ असतील, तर व्हीएमवेअरचा. अशा वेळी खोलीत नवे यंत्र शोधत फिरणे व्यर्थ आहे, कोणाच्या संगणकावर आभासी संगणक चालू आहे हेच विचारावे. कंपनीचे नाव प्रिंटर किंवा कॅमेरे बनवणाऱ्याचे निघाले, तर शोधाचा परीघ एकदम आटोक्यात येतो. संगणकांच्या बाबतीत मात्र हे नाव पुष्कळदा केवळ कार्डाच्या उत्पादकाचे असते, संगणकाच्या कंपनीचे नसते, हे विसरू नये.

मोबाइलचा शोध या पद्धतीने घेऊ पाहणाऱ्यांना अलीकडे एक नवी अडचण येते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून हे फोन प्रत्येक वायफाय जाळ्यासाठी स्वतःचा एक वेगळा, यदृच्छया घडवलेला मॅक पत्ता वापरतात. वापरणाऱ्याच्या खासगीपणाच्या दृष्टीने ही सोय योग्यच आहे, आणि आपल्या तपासाच्या सोयीसाठी तिच्यावर आक्षेप घेणे मला मान्य नाही. असा घडवलेला पत्ता ओळखण्याची खूण मात्र पक्की आहे: पहिल्या जोडीतील दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई यांपैकी असेल, तर तो कारखान्यात दिलेला पत्ता नव्हे. त्यावरून कंपनी शोधू नये. वायफायच्या ज्या अ‍ॅक्सेस पॉइंटला तो फोन जोडलेला आहे, त्याचे नाव राउटरच्या पानावर दिसत असेल, तर निदान इमारतीचा कोणता भाग हे कळते. आणि पुढे फोनधारकाला विनंती करून त्याच्याच फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये दिसणारा मॅक पत्ता ताडून पाहावा.

मॅक पत्ता हाती आला, तरी यंत्र कोणत्या खोलीत आहे, हा प्रश्न उरतोच. लहान कार्यालयात साधा, सेटिंगचे पान नसलेला स्विच असेल तर तो याबाबत काही सांगू शकत नाही. परंतु ज्याला मॅनेज्ड स्विच म्हणतात तो असेल, तर कोणत्या मॅक पत्त्याची माहिती कोणत्या पोर्टवरून आली, याची तक्ताबंद नोंद त्याच्याजवळ असते. सिस्कोच्या स्विचवर ही नोंद पुष्कळदा पाच मिनिटांनंतर पुसली जाते, म्हणून ती पाहण्यापूर्वी त्या पत्त्याला पुन्हा एकदा पिंग करून यंत्राला बोलते करावे. एखाद्या पोर्टसमोर एकच मॅक पत्ता असेल, तर त्या पोर्टची केबल धरून चालत गेले की यंत्र सापडते. एकाच पोर्टसमोर दहा-वीस पत्ते असतील, तर तेथे दुसरा स्विच किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट जोडलेला आहे असे समजून त्या दुसऱ्या ठिकाणी हाच तपास पुन्हा करावा. केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवलेले असतील, तर हे काम काही मिनिटांचे. नसतील, तर छताच्या पट्ट्या उचकटण्यात अर्धा दिवस जातो.

यंत्राचे नाव काढण्याचे आणखी दोन मार्ग सांगून ठेवतो. ‘पिंग -ए’ ही आज्ञा पत्त्यावरून नाव शोधण्याचा प्रयत्न करते. आणि ‘एनबीटीस्टॅट -ए’ ही आज्ञा, त्यातील ए हे अक्षर रोमन लिपीत मोठे लिहिले असता, विंडोजच्या यंत्राकडून त्याचे नाव, वर्कग्रुप आणि मॅक पत्ता मिळवते, अर्थात त्या यंत्रावर ती जुनी सेवा चालू असेल तरच. यंत्रे बरीच असतील, तर गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला आणि आजही मोफत मिळणारा एनमॅप हा प्रोग्रॅम साऱ्या उपजाळ्याची यादी एकदम काढून देतो, आणि कोणते पोर्ट उघडे आहेत तेही सांगतो. ९१०० हा पोर्ट उघडा असेल तर बहुधा प्रिंटर, ५५४ असेल तर बहुधा कॅमेरा अथवा डीव्हीआर, ३३८९ असेल तर दुरून वापरू दिलेला विंडोजचा संगणक, अशी अटकळ त्यावरून बांधता येते. परंतु हा प्रोग्रॅम ज्या जाळ्याची जबाबदारी आपल्याकडे आहे तेथेच, आणि संस्थेच्या प्रमुखांची लेखी परवानगी घेऊनच चालवावा. दुसऱ्याच्या जाळ्यात अशी झडती घेणे सभ्यतेला तर सोडूनच आहे, पण त्यातून माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याखाली कारवाईही ओढवू शकते.

आता प्रिंटरच्या त्या प्रसंगाकडे वळू, कारण लहान कार्यालयांत सर्वांत जास्त छळणारे प्रकरण तेच आहे. समजा, प्रिंटरला १९२.१६८.१.५० हा पत्ता हाताने बसवलेला आहे, आणि मागाहून कॅमेरे बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने कोणाला न विचारता डीव्हीआरलाही तोच पत्ता देऊन टाकला आहे. आता ज्या संगणकाला प्रिंटरचे उत्तर आधी पोचले, तेथून छापले जाते, आणि ज्याला डीव्हीआरचे पोचले, तेथून छापण्याचा हुकूम हवेत विरतो. आणि थोड्या वेळाने हेच उलटेही होते. हा प्रकार पकडण्यासाठी वर सांगितल्याप्रमाणे मॅक पत्ता लिहून घ्यावा, मग प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एआरपी -डी’ या आज्ञेने ती नोंद पुसावी, पुन्हा पिंग करावे आणि मॅक पत्ता बदलला का ते पाहावे. हे चार-सहा वेळा करावे. दोन निरनिराळे मॅक पत्ते दिसले, की एका पत्त्यावर दोघे हक्क सांगत आहेत हे सिद्ध झाले. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे प्रिंटरची केबल काढून ठेवावी आणि त्या पत्त्याची एआरपी चौकशी करावी. केबल काढूनही उत्तर आले, तर ते देणारा दुसरा कोणी तरी आहे. टक्कर एखाद्या विंडोजच्या संगणकाशी झाली असेल, तर त्या संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टिमच्या नोंदींत ४१९९ क्रमांकाची नोंद शोधावी. तीत दुसऱ्या यंत्राचा मॅक पत्ता आयता लिहिलेला असतो. दोष सापडल्यावर केवळ पत्ता बदलून थांबू नये. डीएचसीपी जे पत्ते वाटते त्यांचा पल्ला राउटरमध्ये निश्चित करावा आणि हाताने बसवायचे सारे पत्ते त्या पल्ल्याबाहेर ठेवावेत, अथवा राउटरमध्येच त्या मॅक पत्त्यासाठी तो आयपी पत्ता राखून ठेवावा. मला दुसरी तजवीज अधिक पसंत आहे, कारण तीत सारी व्यवस्था एकाच ठिकाणी दिसते.

सर्व उपाय थकले आणि स्विचही साधाच असला, तर एकच मार्ग उरतो: कार्यालय सुटल्यावर, पूर्वसूचना देऊन, स्विचमधली एकेक केबल काढावी, प्रत्येक वेळी एआरपीची नोंद पुसून पुन्हा पिंग करावे, आणि कोणती केबल काढल्यावर त्या पत्त्यासमोर मॅक पत्ता येईनासा होतो ते पाहावे. भर कामाच्या वेळी हे कदापि करू नये. कोणाचे अर्धे भरलेले अर्ज आणि कोणाचे चालू असलेले व्यवहार आपल्या हातातील केबलवर अवलंबून असतात.

एका गोष्टीविषयी मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे. या सगळ्या तपासातून सिद्ध होते ते यंत्र. त्या वेळी त्या यंत्रासमोर कोण बसले होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय एआरपीच्या उत्तराची शहानिशा करण्याची कोणतीही सोय त्या पद्धतीत नाही; जो उत्तर देईल त्याच्यावर ती विश्वास ठेवते, आणि मॅक पत्ताही बदलून घेता येतो. म्हणून केवळ पत्त्याच्या आधारावर कोणा कर्मचाऱ्याला अथवा विद्यार्थ्याला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे. संशय गंभीर स्वरूपाचा असेल, तर नोंदी, त्यांच्या वेळा आणि पडद्यांची छायाचित्रे आहेत तशी जपून ठेवावीत, संबंधिताचे म्हणणे ऐकून घ्यावे, आणि निर्णय वरिष्ठांवर सोपवावा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवणाऱ्या कंपन्या, इतर कंपन्या-संस्था आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्यात आणि यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवून घ्यावीत, असे सांगितले आहे. राउटरला वीज गेल्यावर नोंदी विसरण्याची खोड असेल, तर त्या दुसऱ्या संगणकावर साठवण्याची सोय लावून घ्यावी. ते काम एका दुपारचे आहे.

आणि हा तपास पुन्हा करावा लागू नये यासाठी एक नोंदवही घालावी. तीत यंत्राचे नाव, ते कोठे ठेवले आहे, त्याचा आयपी पत्ता, मॅक पत्ता, स्विचचा पोर्ट आणि पत्ता दिल्याची तारीख एवढे सहा रकाने पुरेत. ती कागदावर असली तरी चालेल, राउटरशेजारी टांगलेली असली तर अधिकच चांगले. नवे कॅमेरे, प्रिंटर अथवा हजेरीयंत्र बसवायला कोणी आले, तर हे सहाही रकाने त्याच्याकडून भरून घेतल्याशिवाय त्याच्या बिलावर सही करू नये.